वाचक विचारतात : घरचं म्हातारपण अन् करणारं माणूस एकटं

प्रश्न : ताई, मी नागपूरला मानेवाड्याला राहते. सासूबाई ७४ च्या आहेत, दिवाळीच्या आधी लकवा मारला, डावी बाजू पूर्ण गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हापासून सगळं मीच करून राहिली आहे, मिस्टर मिहानला शिफ्टमध्ये, दीर पुण्याला, ते रविवारी व्हिडीओ कॉल करतात अन् सांगतात आईला ज्यूस देत जा. दोन आया आल्या अन् गेल्या. रात्री झोप नाही, परवा गॅसवर दूध ठेवलं अन् मी ओट्याला टेकून तिथंच झोपली. चिडचिड होते मग मलाच रडू येते. घरी येऊन कोणी मदत करते का? सरकारचं काही आहे का?
— एक सून

उत्तर : गॅस चालू अन् तुम्ही झोपलेल्या, म्हणजे आता घरात पेशंट दोन झालेत असंच समजा. त्यामुळे आधी तुमच्या झोपेचं बघू, योजनांचं नंतर.

सरळ सांगते, रोज घरी येऊन डायपर बदलेल, कुशीवर वळवेल अशी सरकारी बाई आपल्याकडे नाही, ती आस सोडा. आया पैसे देऊनच ठेवावी लागते. पण २४ तासांची परवडत नसेल तर फक्त रात्रीची १२ तासांची ठेवा, दिवसा तुम्ही सांभाळून घ्याल, रात्र गेली की माणूस मोडतं. अन् तिचे पैसे ज्यूस सांगणाऱ्या दिरांकडून घ्या, लाजू नका, मिस्टरांनाच फोन लावायला सांगा. दोन आया का गेल्या तेही एकदा आठवून बघा, बहुतेक घरांत आयाला हळूच भांडी, मग कपडे, मग पोळ्या असं चालू होतं अन् पंधरा दिवसांत बाई गायब. काम काय काय ते आया पुरवणाऱ्या ब्यूरोवाल्यासमोर लिहून ठरवा अन् तिची पोलीस पडताळणी झाली का ते विचारा.

ज्यूसचं मात्र मी गमतीत नाही घेत. लकव्यात गिळायची ताकदही कमी होते, अन् ज्यूस, पाणी, चहा अशा पातळ गोष्टी घशातून श्वासनळीत जायची भीती जास्त. पिताना ठसका लागतो का, पिल्यावर आवाज ओला-घरघरता होतो का ते पहा अन् तसं असेल तर डॉक्टरांना गिळणं तपासायला सांगा, तोवर पाजताना पूर्ण बसवूनच पाजा. हे आत्ताच कारण उन्हाळा आला की आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, अन् नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पाणी कसं पोटात घालायचं हा प्रश्न तेव्हा सुचून उपयोग नाही.

वळवताना डाव्या हाताला धरून ओढता का? बहुतेक जण ओढतात. लुळा खांदा त्यानं निसटतो अन् दुखणं वाढतं. एक चादर चारपदरी दुमडून खांद्यापासून मांडीपर्यंत कायम अंगाखाली ठेवा, तिची कड धरून कुशीवर घ्या, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. दर दोन तासांनी वळवायचं, एअर बेड असला तरी, कारण दुकानदार सांगतात बेड घेतला की बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांची, चिंता नाही, ते खरं नाही. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या, फिजिओथेरपीत एकदा जा अन् त्यांच्यासमोर स्वतःच्या हातानं करून दाखवा, नुसतं बघून येऊ नका.

आता सरकारी. १४५६७ ही ज्येष्ठांची एल्डरलाईन, फुकट, सकाळी ८ ते रात्री ८, त्यावर मराठीत बोलता येतं, अन् हा फोन सुनेनंही करायचा असतो हे कोणाला माहीतच नसतं. घरचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या वरच्यांना एकदाच ३००० रुपये खात्यात येतात, कमोड खुर्ची, वॉकर वगैरेसाठी, चौकशी दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याणच्या ऑफिसात. हातपाय तसेच राहिले तर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्जही करा. बँकेच्या कामासाठी त्यांना ऑटोत घालून नेऊ नका, ७० च्या पुढच्यांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगून ठेवलंय, मॅनेजरला तसं म्हणा, आधी नाही म्हणतील. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन काढून देतो, अंगठा लागला की झालं, थोडी फी लागते.

अन् रडू येतं त्यासाठी १४४१६, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, २४ तास. पेशंटचं नाही, स्वतःचं सांगा.

काही खासगी केंद्रं आठ-पंधरा दिवसांसाठीही पेशंट ठेवून घेतात. वाटलं तर ठेवा, लोक बोलतील, बोलू द्या. पण आधी न सांगता दुपारी जाऊन या, आत पाय टाकताच लघवीचा वास आला तर तसंच परत फिरा.

प्रश्न : बाबा ७२ चे, प्रायव्हेट कंपनीतून रिटायर, आमचं पांढरं रेशन कार्ड. आयुष्मान कार्ड आम्हाला नाही मिळत म्हणतात. खरं काय?
— त्रिमूर्ती नगर

उत्तर : मिळतं. ७० पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज, आईही ७० ची असेल तर दोघांत मिळून. आधार लागतं, वय आधारवरचंच धरतात, त्यामुळे जन्मतारीख चुकली असेल तर ते आधी. जुना बीपी-शुगर असला तरी पहिल्या दिवसापासून चालतं. पण हे भरती झाल्यावरचं आहे, महिन्याच्या गोळ्या अन् ओपीडी यात येत नाही, अन् दवाखाना यादीत पाहिजे. आयुष्मानच्या १४५५५ या हेल्पलाईनवर विचारून मगच ऑपरेशनची तारीख घ्या.

प्रश्न : मॅडम, मी ७९ चा, महालात राहतो. २०१९ मध्ये घर मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करून दिलं. आता वरच्या खोलीत मी एकटा, डबा येतो तर येतो, नाही तर नाही. पायऱ्या उतरवत नाहीत. मुलावर केस करायची माझी इच्छा नाही, पण कोणाकडे जाऊ?

उत्तर : काका, कोर्टात नका जाऊ, त्याआधीची एक पायरी आहे. २००७ च्या ज्येष्ठांच्या कायद्यात उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर साधा अर्ज चालतो, वकील लागत नाही, अन् ते आधी मुलाला बोलावून समजुतीनं जमतं का बघतात. नाहीच जमलं तर महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह ठरवून देता येतो.

घराचं वेगळं. सांभाळ करीन या अटीवर दिलं असेल अन् तो सांभाळत नसेल तर कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण ती अट कागदावर आहे का ते आधी बघा, तिथंच बरेच अर्ज अडतात. २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं तेव्हा मुलानं वेगळ्या कागदावर सांभाळायचं वचन लिहून दिलेलं होतं, तसं पत्र, चिठ्ठी काही तुमच्याकडे असेल तर शोधा. बक्षीसपत्राची प्रत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते. पायऱ्या उतरवत नाहीत म्हणता, तर आधी १४५६७ लावा, घरी माणूस पाठवता येईल का विचारा, अन् डब्याचंही त्यांना सांगा, ते अर्जाइतकंच महत्त्वाचं आहे.