वडिलांना लिव्हर सिरॉसिस (यकृतात व्रण पडून ते कडक होणं) आहे. दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी कशाला?
कारण सिरॉसिसमध्ये यकृताच्या कॅन्सरचा धोका असतो आणि लहान गाठ सुरुवातीला दुखत-खुपत नाही. सोबत बहुतेकदा एएफपी ही यकृताच्या कॅन्सरचा अंदाज देणारी रक्ततपासणीही सांगतात.

एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणून हुरळून जाऊ नका (आमच्या घरी तेव्हा पेढे वाटायचेच बाकी होते!). यकृत किती काम करतंय ते बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) यांवरून कळतं. प्लेटलेट्स घटत गेल्या तर प्लीहा (पोटात डावीकडे असलेली स्प्लीन) वाढलीय का बघतात, कारण वाढलेली प्लीहा त्या अडकवून ठेवते.

फायब्रोस्कॅनला (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) किमान 3 तास उपाशी जायचं. उजव्या बरगड्यांमध्ये टिचकी मारल्यासारखं वाटतं, बस्स. एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आतून बघणं) जरा नकोशी वाटते, घशात बधिर करणारा स्प्रे मारतात. पण सिरॉसिसमुळे अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा फुटण्याआधी दिसलेल्या बऱ्या. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या.