पत्र्याच्या छताला पांढरा रंग द्यावा की चंदेरी? आणि पंखा असूनही दुपारी डोकं का तापतं?

पांढरा द्या.

पंखा हवा हलवतो, पण तापलेला पत्रा तुम्हाला हवेतून नव्हे, थेट अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी भाजत असतो. ६० अंशांचा पत्रा साधारण ९ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरी सर्वाधिक सोडतो. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, टाळूला बरोबर कळतात! त्यांना हवेची गरजच नसते. सूर्याची उष्णताही निर्वात पोकळीतूनच येते.

आता रंगाचं. चांगला पांढरा रंग बरंचसं ऊन परतवतो, आणि जे शोषतो ते अवरक्त रूपात आकाशाकडे जोरात फेकतो. गंमत म्हणजे या लांब लहरींच्या बाबतीत पांढरा आणि काळा रंग जवळपास सारखेच, त्या तापमानाला जास्तीत जास्त जितकं उत्सर्जन शक्य असतं, त्याच्या ९० टक्क्यांच्या आसपास दोन्ही करतात. चंदेरी रंगात धातूची भुकटी असते. तोही ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता सोडायला कंजूष, म्हणून तापून बसतो.

हाच कंजूषपणा आतल्या बाजूने मात्र कामाचा. पत्र्याखाली थोडी पोकळी ठेवून चकचकीत ॲल्युमिनियमची फॉइल लावा, खाली येणारे किरण खूपच कमी होतील. फक्त ती पत्र्याला चिकटवून तिच्यावर थर्माकोल ठोकू नका, पोकळीच उरली नाही की चकाकी वाया जाते. आणि धूळ बसली की रंग पाण्याने धुवा.