आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या पडक्या किल्ल्यांबद्दल ज्या गोष्टी सांगतात, त्यांत खरं किती असतं?

प्रत्येक किल्ल्याचं उत्तर वेगळं येईल, म्हणून मी मला सगळ्यात जवळच्या वाटणाऱ्या एकाबद्दल सांगतो: क्लेअर काउंटीतला लेमनेह.

पंधराव्या शतकाच्या शेवटी ओब्रायन घराण्यानं इथं दगडी मनोरा बांधला. आपल्याकडच्या गढीसारखं, राहणं आणि राखण एकाच इमारतीत. १६४८ च्या सुमारास कॉनर ओब्रायननं त्याला चार मजली वाडा जोडला. आज छप्पर नाही, पण दगडी चौकटींच्या खिडक्यांच्या रांगा शाबूत आहेत.

गोष्टी सगळ्या कॉनरच्या बायकोच्या, माइरे रुआच्या, म्हणजे तांबड्या केसांच्या मेरीच्या. तिनं पंचवीस नवरे केले, मोलकरणींना केसांनी खिडकीला टांगलं, असं सांगतात. आणखी एक गोष्ट अशी: आयर्लंडवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजेशी लढून घायाळ झालेल्या कॉनरला माणसांनी दारात आणलं, तेव्हा ती वरून ओरडली, "मेलेली माणसं इथं नकोत!" तो जिवंत आहे हे कळल्यावर मात्र तिनंच त्याची शुश्रूषा केली.

कागदोपत्री तिचे नवरे तीन. पहिला वारला, दुसरा कॉनर १६५१ मध्ये लढाईत पडला. पराभूत बाजूच्या जमिनी जप्त होत होत्या, तेव्हा तिनं जॉन कूपर या क्रॉमवेलच्याच फौजेतल्या अधिकाऱ्याशी लग्न केलं. मुलाची जमीन वाचली. तोच मुलगा, डोनो, पुढे ड्रोमोलंडला राहायला गेला, १६८६ मध्ये बॅरोनेट झाला (हा वंशपरंपरेनं चालणारा इंग्रजी किताब), आणि लेमनेह हळूहळू ओस पडला. तिच्यावर खुनाचा आरोपही आला होता, पण राजानं तिला माफी दिली.

मला वाटतं, नवऱ्याला मारणाऱ्यांच्याच माणसाशी केलेलं ते लग्न लोकांच्या मनातून गेलं नाही, आणि तिसऱ्या नवऱ्याचे पुढे पंचवीस झाले. घर वाचवणाऱ्या बाईची अशी चेटकीण व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं. तरीही या गोष्टी जपायलाच हव्यात, कारण जमीनदारांबद्दल कुळांना काय वाटायचं हे सरकारी कागदांत सापडत नाही.

अशा गोष्टी मुळातून वाचायच्या असतील तर १९३७ ते १९३९ मध्ये आयर्लंडच्या शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून वह्यांत उतरवलेला संग्रह 'दूखस' (duchas.ie) या संकेतस्थळावर आहे. गावाच्या नावानं शोधता येतं. लेमनेह खासगी शेतात आहे, पण रस्त्यावरून पूर्ण दिसतो.