वाचकांचे प्रश्न : डोंगरात चालणे आणि धावणे

प्रश्न : मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, वय २१ वर्षे, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत असताना बाबांबरोबर माहुलीला गेले आणि तेव्हापासून डोंगरांचे वेड लागले. गेल्या वर्षापासून रस्त्यावर धावूही लागले. आता १० किलोमीटर न थांबता धावू शकते. या दोन्ही आवडी एकत्र आणून गडाच्या वाटेवर धावावे असे मनात आहे. स्पॅनिश डोंगरधावक किलियन जोर्नेटच्या चित्रफिती पाहिल्यापासून तर दुसरे काही सुचत नाही. मात्र आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ काका म्हणतात की गडावर पाहायला जायचे असते, पळायला नाही. त्यांचे म्हणणे योग्य आहे का? आणि सुरुवात करायचीच झाली, तर कशी करावी?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : डोंगरात धावणे ही परदेशातून आलेली टूम आहे असे काकांना वाटत असेल, तर ते मान्य करता येणार नाही. जुन्या काळी पत्रे पोहोचवणारे जासूद आणि हरकारे याच घाटवाटांनी पायी ये-जा करीत होते, आणि आजही गडांच्या पायथ्याच्या ठाकर किंवा महादेव कोळी वस्तीतला एखादा माणूस डोक्यावर मोळी घेऊन ज्या सहजतेने डोंगराची सोंड उतरतो, ते पाहिले की आपल्या घड्याळातले आकडे कोणाला दाखवावेसे वाटत नाहीत. पाहण्याविषयी मात्र काकांचे बरोबर आहे. निजामशाही टिकवण्याची शहाजीराजांची धडपड १६३६ साली ज्या माहुलीवर संपली, त्या गडाचा महादरवाजा आणि तिथल्या देवड्या (पहारेकऱ्यांच्या खोल्या) न पाहता केवळ माथ्याला हात लावून परत फिरायचे असेल, तर तेवढ्यासाठी आसनगावपर्यंत लोकलने जाण्याची गरज नाही. येऊरचा रस्ता घराजवळ आहे. यातून मार्ग असा की कोणत्याही गडावर आधी चालत जावे, तो नीट पाहावा, वाट ओळखीची करून घ्यावी आणि मगच त्या वाटेवर धावण्याचा विचार करावा.

हा सल्ला केवळ गडाच्या आदरापोटी दिलेला नाही. ट्रेकला जाताना तुमच्या पाठीवर सॅक असते. तिच्यात दोन-तीन लिटर पाणी, डबा, विजेरी, एखादे जर्किन आणि प्रथमोपचाराचे सामान असते. धावणारी व्यक्ती यातले बहुतेक सगळे घरी ठेवून निघते, कारण आपण दोन तासांत खाली येऊ असा तिचा हिशेब असतो आणि पाय चालत आहेत तोवर तो हिशेब बरोबरही असतो. परंतु घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, एकदा घोटा मुरगळला की वेग संपतो, आणि ज्या वाटेला वीस मिनिटे लागणार होती तिला तीन तास लागतात. अशा वेळी घामाने भिजलेला पातळ टीशर्ट, तळाशी दोन घोट उरलेली बाटली आणि रेंज नसलेला मोबाइल यांवर ते तीन तास काढावे लागतात. सामान्य ट्रेकर कमी वेगाने जातो, पण अडकून पडला तरी तग धरू शकतो. धावणाऱ्याकडे तशी सोय नसते. त्यामुळे अंगाला घट्ट बसणाऱ्या छोट्या पाठपिशवीत किमान दीड लिटर पाणी, डोक्याला लावायची विजेरी, शिट्टी, क्रेप बँडेज, वाऱ्या-पावसात घालायचे पातळ जाकीट आणि थोडे खाणे असलेच पाहिजे. तेवढ्या वजनाने तुमचा वेग जो कमी होईल, तोच डोंगरातला तुमचा खरा वेग समजावा.

आता तयारीविषयी. सपाट रस्त्यावरचे १० किलोमीटर डोंगरात किती उपयोगी पडतील, हे आधी समजून घेतले पाहिजे. दम टिकेल, पण उतारावर मांड्या दगा देतील. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात; उतरताना मात्र शरीराचे वजन रोखून धरताना तेच स्नायू ताणले जात असतात, आणि ताणत असताना भार पेलल्यामुळे त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. पहिल्या मोठ्या उतरणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोकलचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो, त्याचे कारण हे आहे. दिलासा इतकाच की स्नायू हा धडा लवकर शिकतात : एकदा मध्यम प्रमाणात उतरणीचा सराव झाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतरणीने फार कमी दुखते.

हा सराव करण्यासाठी दर रविवारी गड गाठण्याची आवश्यकता नाही. घोडबंदर रस्त्यावर तीस-तीस मजली इमारती उभ्या आहेत. मजल्याची उंची साधारण ३ मीटर धरली, तर तीस मजले म्हणजे ९० मीटर चढ, आणि तशा सात फेऱ्या केल्या की ६०० मीटरहून अधिक, म्हणजे एखाद्या मध्यम गडाएवढा चढ-उतार होतो. बरेच जण जिना चढून जातात आणि गुडघे सांभाळायचे म्हणून लिफ्टने खाली येतात. तुम्ही मात्र जिन्यानेच खाली या, कारण तुम्हाला सराव उतरण्याचाच करायचा आहे. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या पुरे, आणि पुढची वाढ मांड्या सांगतील तशी. बाहेर मोकळ्या हवेत धावायचे असेल तर येऊरचा रस्ता, बेलापूरच्या पारसिक टेकडीचा रस्ता आणि खारघरच्या टेकडीवर फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा रस्ता हे तीनही चढ चांगले आहेत. डांबरावर पाय तयार झाले की मगच माती आणि दगडांकडे वळावे.

वाटेवर धावताना पावले लहान ठेवावीत आणि नजर बुटांवर न ठेवता चार-पाच पावले पुढे ठेवावी. उतारावर भीतीने मागे रेलले की टाच घसरते, म्हणून शरीर किंचित पुढे आणि गुडघे थोडे वाकलेले असावेत. तीव्र चढावर हात मांडीवर टेकवून भराभर चालावे; जगातले उत्तम डोंगरधावकही चढावर चालतात, त्यात कमीपणा नाही. रॉकपॅच (हातापायांनी चढायचा कातळाचा टप्पा), लोखंडी शिडी आणि दरीकडेची अरुंद वाट ही चालण्याचीच ठिकाणे आहेत, आणि समोरून चढत येणाऱ्या माणसाला आधी वाट द्यावी, हा रिवाज धावणाऱ्यालाही लागू आहे. मागून येताना थोड्या अंतरावरून आवाज द्यावा. अचानक कानाशी धापा टाकणारे कोणी आले की बुजुर्ग माणूस दचकतो आणि त्याचा पाय कडेला जातो. तुमच्या काकांचा राग कदाचित अशाच एखाद्या अनुभवातून आलेला असेल.

वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला नियम अजूनही कामाला येतो. आजच्या मापांत तो असा सांगतात : दर ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ५ किलोमीटरच्या वाटेत ६०० मीटर चढ असेल, तर चालणाऱ्याला वर पोहोचायला दोन तास लागतील. हा हिशेब थंड हवेतला आणि विश्रांती न धरता केलेला आहे. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, त्यामुळे मार्चनंतर त्यात सढळ हाताने भर घालावी. तुम्ही धावणार असलात तरी परतीच्या लोकलचा हिशेब चालण्याच्या वेगावरच करा. पाणी तहान लागेल तसे प्यावे, आणि बराच वेळ नुसतेच पाणी रिचवण्याऐवजी मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ओआरएस घ्यावे, कारण घामावाटे मीठ जात असताना अति पाणी प्यायल्यास रक्तातले सोडियम घसरून माणूस भोवळतो.

ऋतूचे गणित बहुतेक जण चुकवतात. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असते, म्हणून घसरायला होते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये सुकलेला मुरूम बुटाखालून ज्या रीतीने सरकतो, ते शेवाळाइतकेच वाईट असते. ऑक्टोबरमध्ये कमरेएवढे गवत वाटेतले सुटे दगड झाकते आणि त्याच गवतात घोणस किंवा फुरसे असू शकते. सुरुवातीसाठी डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी उत्तम. पावसात धावण्याची फारच हौस असेल तर डांबरी रस्त्यावर धावा. पांडवकड्यासारख्या धबधब्यांच्या परिसरात पावसाळ्यात बंदी घालतात, ती तिथे गेलेल्या जिवांमुळे आहे.

राहता राहिले किलियन जोर्नेट. २०१३ साली त्यांनी इटलीच्या बाजूच्या गावातून आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या माथ्यावर जाऊन परत येण्यास २ तास ५२ मिनिटे घेतली, हे खरे आहे. पण त्यांचे वडील पिरेनीज पर्वतातल्या डोंगरी निवाऱ्याचे व्यवस्थापक होते आणि मुलाचे बालपण तिथेच गेले. चित्रफितीत दिसणाऱ्या पावलांच्या मागे डोंगरात नुसते चालण्यात गेलेली ती सगळी वर्षे आहेत, आणि तुम्ही बाबांबरोबर माहुलीपासून तेच चालणे सुरू केले आहे. ते सोडू नका.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. पहाटे साडेचारला उठून तो एकटाच येऊरच्या जंगलात धावायला जातो. बिबट्याच्या बातम्या वाचून माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. त्याला बंदी करावी का?
– एक आई, उपवन परिसर, ठाणे

उत्तर : धावण्यावर बंदी करू नका, वेळेवर आणि एकटेपणावर करा. येऊर हा सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबट्यांचा वावर कायम असतो, आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचा काळ हीच त्यांच्या हिंडण्या-फिरण्याची वेळ असते. अंधारात उद्यानाच्या हद्दीत शिरणे नियमालाही धरून नाही. बिबट्या सहसा माणसाला टाळतो. परंतु धावणारी किंवा खाली वाकलेली आकृती त्याला सावजासारखी भासू शकते, आणि बुटाची नाडी बांधायला बसलेला एकटा मुलगा म्हणजे नेमकी तशीच आकृती. उजाडल्यावर, दोघा-तिघांनी मिळून, कानात इअरफोन न घालता आणि फाटकावर चौकशी करून जावे, म्हणजे धोका पुष्कळ कमी होतो. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून ताठ उभे राहावे, हात वर करून मोठ्याने बोलावे आणि सावकाश मागे सरावे. धावण्याची सवय असलेल्या मुलाला हे पुन्हापुन्हा बजावावे लागते, कारण त्याचे पाय आधी निर्णय घेतात.

आणखी एक शिस्त घरात लावून घ्या. निघण्यापूर्वी त्याने कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे फ्रीजवरच्या कागदावर लिहावे, आणि त्यानंतर तासाभरात फोन आला नाही तर तुम्ही ११२ ला कळवायचे, हे दोघांनी आधीच ठरवावे. सह्याद्रीत इतरत्र कोणी हरवले किंवा पडले, तर राज्यातल्या गिर्यारोहकांनी मिळून चालवलेले महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर स्थानिक पथकांना हलवते. त्याचा क्रमांक मुलाच्या आणि तुमच्याही मोबाइलमध्ये असू द्या. असा ठराव झाला की मुलालाही तो जाच वाटत नाही, कारण रोज उठून 'कुठे आहेस' असे विचारणारा फोन येत नाही.

प्रश्न : वय २४. धावल्याने गुडघे झिजतात असे घरचे सांगतात. डोंगरात धावल्यास ते अधिक लवकर झिजतील का? बूट कोणते घ्यावेत?
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघा व खुब्याच्या सांधेझिजेचे प्रमाण सुमारे ३.५ टक्के, तर बैठी जीवनशैली असणाऱ्यांमध्ये सुमारे १०.२ टक्के आढळले. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र ते १३.३ टक्के होते. त्यामुळे हौस म्हणून धावण्याने गुडघे झिजतात, असे म्हणायला आधार नाही. उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला सतत दुखत असेल, तर उतरण कमी करून आधी मांडी आणि कंबरेचे व्यायाम करावेत, आणि गुडघा सुजत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

बूट घेताना ब्रँडपेक्षा तळव्याच्या खाचा आणि रबराची पकड पाहावी. रस्त्यावर धावायचा सपाट तळव्याचा बूट मुरमावर टिकत नाही. दुकानात संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात. धावताना जे मोजे घालता तेच घालून बूट चढवावा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा उरते का ते पाहावे. नाही तर लांब उतरणीत अंगठा पुढे आपटून नख काळे पडते. नखे आदल्या दिवशी कापावीत, त्याच दिवशी नव्हे.