माहिती फुटली, मनस्ताप झाला. भरपाई कुठे मागायची?

प्रश्न : लातूरच्या एका खासगी क्लासने फी थकलेल्या मुलांची यादी नाव, मोबाइल नंबर आणि थकबाकीसह पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्या रात्रीपासून मुलीला घाणेरडे फोन येऊ लागले, तिने क्लासला जाणंच सोडलं. पैशांचं नुकसान काही नाही. नव्या डेटा कायद्यात भरपाई मिळेल का?
— एक पालक, गंगाखेड

उत्तर : नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे खरा, पण तो सगळा सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला छदामही नाही. कायद्यातला हा मोठाच दोष आहे, असं आमचं मत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ भरपाई देतं, पण ते पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्य अशा संवेदनशील माहितीपुरतं. मोबाइल नंबर त्यात बसत नाही.

तुमचा रस्ता ग्राहक आयोगाचा. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती इतरांपुढे उघड करणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि खासगी क्लास या कायद्याखाली येतात. (शाळा-कॉलेजांबाबत आयोग बहुधा हात वर करतो.) तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते, म्हणून लातूरला खेटे नकोत, परभणीचा जिल्हा आयोग पुरे. फी ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत २ वर्षं. मुलगी अज्ञान (१८ वर्षांखालची) असल्यास तिच्यातर्फे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून तुम्ही सही करा.

अशा तक्रारी पडतात त्या पुराव्यावर. स्क्रीनशॉटमध्ये ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसलीच पाहिजे. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, मूळ मेसेज पुसू नका आणि फोन विकू नका. डिजिटल पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. त्याचा भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा संकेत) लागते. कॉल लॉग आणि पोलीस ठाण्यातली पोच तर हवीच. मनस्ताप दाखवायला क्लासची हजेरी आणि डॉक्टरांकडे गेला असाल तर केसपेपर. चार पानी करुणकथेपेक्षा एक पानी तारीखवार तक्ता कामाला येतो : यादी रात्री ८ वाजता पडली, पहिला फोन ९:१० ला. यादी आणि त्रास यांचा धागा तिथे जुळतो.

आधी स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. 'फी बुडवायला केलेला हा कांगावा' असं क्लास म्हणणारच, म्हणून जी थकबाकी मान्य आहे ती भरून पावती लावा. प्रार्थनेत, म्हणजे तक्रारीच्या मागण्यांच्या भागात, यादी काढून टाकणं, मानसिक त्रासापोटीची रक्कम आणि तक्रारखर्च वेगवेगळे मागा. एकगठ्ठा २५ लाख लिहू नका. त्रासापोटीचे आकडे बहुधा हजारांत असतात, फुगवलेल्या आकड्याने तक्रारच संशयास्पद वाटते.

प्रश्न : युरोपात नुसत्या मनस्तापालाही भरपाई मिळते म्हणे?
— वाचक, नांदेड

उत्तर : मिळते, पण सरसकट नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये गुगलविरुद्धच्या विडाल-हॉल खटल्यात आर्थिक नुकसानीची अट काढली. २०२१ मध्ये मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लॉइड विरुद्ध गुगल खटल्यात ४० लाखांवर आयफोनधारकांचा सामूहिक दावा अडवला, कारण कोणाला काय नुकसान झालं ते दाखवलंच नव्हतं. युरोपीय न्यायालयाने मे २०२३ मध्ये ऑस्ट्रियन पोस्टच्या प्रकरणात सांगितलं की त्रास किमान अमुक इतका गंभीर हवा अशी अट नाही, पण नुसता नियमभंगही पुरत नाही. हे निकाल आपल्या आयोगावर बंधनकारक नाहीत. युक्तिवादात दाखला म्हणून देता येतात, एवढंच.

प्रश्न : मेहुण्याच्या कर्जासाठी लोन ॲपवाले मला छळतात. मी ग्राहक आयोगात जाऊ का?
— वाचक, जिंतूर

उत्तर : तुम्ही त्यांच्याकडून सेवा घेतलेली नाही, तेव्हा तुम्ही ग्राहक नाही. धमक्यांची पोलिसांत तक्रार करा. भरपाईच हवी असेल तर दिवाणी दावा, आणि त्याला रकमेनुसार कोर्ट फी लागते. ॲपने मोबाइलमधले संपर्क उचलायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तेव्हा मेहुण्याने कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दाद न लागल्यास त्यानेच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. तिथे फी नाही.