ईस्टरच्या सुट्टीत गाडीने आल्प्सपलीकडे: वाचकांचे प्रश्न

२०२७ च्या ईस्टरला गाडी घेऊन इटलीत उतरायचा बेत आखणाऱ्या मराठी कुटुंबांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. गुड फ्रायडे २६ मार्चला, ईस्टरचा रविवार २८ मार्चला आणि सोमवारची सुट्टी २९ मार्चला आहे.

प्रश्न: आम्ही म्युनिकला राहतो. आम्ही दोघे, दोन मुले आणि पुण्याहून येणारे सासू-सासरे मिळून सहा जण आहोत. गुड फ्रायडेला सकाळी निघून रात्रीपर्यंत फ्लॉरेन्स गाठावे आणि सोमवारी परतावे असा विचार आहे. जमेल का?

म्युनिक ते फ्लॉरेन्स हे अंतर साधारण ६५० किलोमीटर आहे आणि एरवी ते सात तासांत कापता येते, पण तुम्ही निवडलेले जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही दिवस वर्षातल्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसांत मोडतात. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरची जेमतेम १,३७० मीटर उंचीची ब्रेनर खिंड बाराही महिने उघडी असते, आणि म्हणूनच निम्मा दक्षिण जर्मनी ईस्टरला त्याच एका वाटेने इटलीकडे निघतो. त्यात भर म्हणजे खिंडीजवळचा लुएग पूल जीर्ण झाल्यामुळे जानेवारी २०२५ पासून त्यावर एरवी प्रत्येक दिशेला एकच मार्गिका चालू ठेवली जाते; गर्दीच्या ठरावीक दिवशी दोन मार्गिका उघडतात, तरी रांग लागायची ती लागतेच.

गुरुवारी दुपारपासून शनिवार दुपारपर्यंत दक्षिणेकडे आणि सोमवारी उत्तरेकडे, असा या गर्दीचा ओघ असतो. बव्हेरियातील शाळांना ईस्टरच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आठवडे सुट्टी असते, त्यामुळे मुलांसाठी शुक्रवार धरून बसण्याचे कारण नाही. कार्यालयातून चार दिवसांची रजा मिळत असेल तर बुधवारी पहाटे निघावे आणि पुढच्या बुधवारी परतावे. रजा मिळतच नसेल, तर फ्लॉरेन्सचा हट्ट सोडून गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला रिव्हा किंवा टोर्बोले इथे मुक्काम करावा, असे मी स्पष्टपणे सुचवीन. ते अंतर चारशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि सत्तरीच्या माणसांना गाडीत दहा तास बसवण्यापेक्षा सरोवराकाठी निवांत वेळ जास्त मिळालेला बरा.

एक महत्त्वाची सूचना: महामार्ग तुंबला की मोबाइलवरचा नकाशा गावातल्या रस्त्याने जायला सुचवतो, त्याचे ऐकू नये. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात सुट्ट्यांच्या दिवसांत महामार्ग सोडून गावांतून पुढे जाण्यास परगावच्या वाहनांना बंदी असते आणि पोलीस तुम्हाला मागे फिरवतात. त्याच गावात तुमचा मुक्काम असेल तर मात्र ही बंदी लागू नाही; अशा वेळी हॉटेलच्या आरक्षणाचा कागद हाताशी ठेवावा. ऑस्ट्रियाचा दहा दिवसांचा व्हिग्नेट (महामार्ग वापरण्याचा ठरावीक मुदतीचा पास) आणि ब्रेनरचा वेगळा टोल, हे दोन्ही गाडीच्या क्रमांकावर आधीच ऑनलाइन भरता येतात. इटलीत मात्र महामार्गावर शिरताना चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना अंतरानुसार पैसे द्यायचे, अशी पद्धत आहे.

सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट पेटीच्या तळाशी ठेवू नयेत. शेंगेन क्षेत्र (आपसांतल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट) असले तरी जर्मनी आपल्या सीमांवर तपासणी करते आणि परतताना कुफश्टाइनजवळ तुम्हाला थांबवले जाऊ शकते.

प्रश्न: श्टुटगार्टहून मिलानला जाताना स्वित्झर्लंडमधला गॉटहार्डचा बोगदा घ्यावा की सान बेर्नार्दिनोचा?

गॉटहार्डचा १६.९ किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा १९८० मध्ये खुला झाला, पण त्यात प्रत्येक दिशेला एकच मार्गिका आहे. दुसऱ्या बोगद्याचे काम अजून चालू आहे. त्यामुळे ईस्टरला त्याच्या उत्तर तोंडाशी दहा-दहा किलोमीटरची रांग लागते. पूर्वेकडून खूरमार्गे जाणारा सान बेर्नार्दिनोचा रस्ता वळणांचा आहे, पण बोगदा लहान, साधारण साडेसहा किलोमीटरचा आहे. गॉटहार्डपुढची रांग तासाभरापेक्षा मोठी असल्याचे कळले की मी बिनदिक्कत सान बेर्नार्दिनो निवडीन. मुलांना गाडी लागत असेल, तर मात्र गॉटहार्डलाच, पण पहाटे चारच्या सुमारास पोहोचण्याच्या बेताने निघावे. स्विस व्हिग्नेट वर्षाचाच मिळतो, त्याची किंमत ४० फ्रँक आहे आणि तो दोन्ही वाटांना चालतो.

प्रश्न: गेल्या खेपेला ईस्टर एप्रिलमध्ये होता आणि हवा छान होती. यंदा उन्हाळी टायर लावून ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोक्नर किंवा इटलीतला स्टेल्व्हिओ घाट करता येईल का?

नाही. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, असा नियम असल्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही येतो. २०२५ मध्ये तो २० एप्रिलला होता. २०२७ मध्ये आपल्या होळीचीच पौर्णिमा त्याला लागू पडते आणि तो मार्चमध्येच येतो. त्या तीन-साडेतीन आठवड्यांच्या फरकात डोंगरातली हवा पूर्ण बदलते. ग्रोसग्लोक्नरचा रस्ता साधारणपणे मेच्या सुरुवातीला आणि स्टेल्व्हिओ त्याहूनही उशिरा उघडतो. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाळ चिखल असल्यास हिवाळी टायर सक्तीचे असतात, आणि ब्रेनरच्या इटालियन बाजूलाही १५ एप्रिलपर्यंत असाच नियम आहे. घाटाचीच हौस असेल तर ऑस्ट्रिया-इटली सीमेजवळची, १,५०० मीटरवरची रेशेन खिंड हिवाळ्यातही चालू असते आणि तिथल्या तलावात बुडालेल्या गावाचा पाण्याबाहेर डोकावणारा चर्चचा मनोरा मुलांना नक्की आवडेल.

२८ मार्चच्या पहाटे युरोपातली घड्याळेही एक तास पुढे सरकतात. रविवारी सकाळच्या कार्यक्रमांची वेळ ठरवताना हे विसरू नये.

प्रश्न: आई शुद्ध शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. सणाच्या दिवसांत दुकाने बंद असतात असे ऐकले. काय करावे?

जर्मनीत शुक्रवार, रविवार आणि सोमवार हे तिन्ही दिवस दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी दुकानांत झुंबड उडते. इटलीत गुड फ्रायडेला सरकारी सुट्टी नसते आणि दुकाने उघडी असतात. तिथे रविवार आणि सोमवार जपावे. महामार्गावरची पेट्रोल पंपाची दुकाने आणि मोठ्या रेल्वेस्थानकांतली दुकाने सगळीकडे आधाराला येतात.

खरी अडचण वेगळीच आहे. ईस्टरच्या खाद्यपदार्थांत अंडे भरपूर असते: पालक आणि रिकोटा चीज घातलेल्या ‘तोर्ता पास्क्वालिना’त ते अख्खे असते आणि कबुतराच्या आकाराच्या ‘कोलोम्बा’ केकमध्येही असतेच. शिवाय पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध साकळवणाऱ्या द्रव्याने) केले जाते, तेव्हा आईंना ते चालणार नसेल तर पास्ता चीज न घालता मागवावा. मी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेण्याचा आग्रह धरीन. भाजणी, मेतकूट, पोहे आणि लोणचे भारतातून आणावे, पण साजूक तूप, पेढे आणि बर्फी आणू नये, कारण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास प्रवाशांना मनाई आहे. लोणी इथेच घेऊन घरी कढवावे.

प्रश्न: आम्ही ठाण्याहून थेट मिलानला येऊन गाडी भाड्याने घेणार आहोत. आपला परवाना चालेल ना?

मूळ परवाना आणि आरटीओने दिलेला, वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना, हे दोन्ही सोबत हवेत. इटलीत नुसता भारतीय परवाना पुरत नाही. सीमा ओलांडायची असेल तर गाडी घेतानाच तशी लेखी परवानगी घ्यावी. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी इटलीत योग्य आसन सक्तीचे असून ईस्टरला अशी आसने भाड्याने मिळणे कठीण जाते; ती आधीच नोंदवावीत.

जुन्या शहरांच्या गाभ्यात खास प्रवेश-परवानगीशिवाय वाहनांना बंदी असते. तिथे अडथळा नसतो, फक्त कॅमेरा असतो, आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर येते. भाड्याने गाडी देणारी कंपनी आपला आकार वेगळा लावते.

प्रश्न: आम्ही हिंदू आहोत. ईस्टरच्या दिवशी चर्चमध्ये जाणे योग्य ठरेल का? फ्लॉरेन्सचा रथ मुलांना दाखवायचा आहे.

अवश्य जावे, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत आणि प्रार्थना चालू असताना फोटो काढत फिरू नये, एवढेच. कम्युनियनच्या वेळी इतर लोक प्रसाद घ्यायला पुढे जातात, तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहावे. कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

फ्लॉरेन्सचा ‘स्कोप्पियो देल कार्रो’ चर्चच्या बाहेर, चौकातच होतो. पांढऱ्या बैलांनी ओढत आणलेला उंच रथ कॅथेड्रलपुढे उभा करतात आणि आतल्या वेदीपासून तारेवरून सुटलेला कबुतराच्या आकाराचा अग्निबाण त्यावरची आतषबाजी पेटवतो. ते अकराच्या सुमारास होते, पण जागा हवी असेल तर नऊलाच पोहोचावे. मुले लहान असतील तर त्यांच्या कानांची काळजी घ्यावी, कारण आवाज खराखुरा मोठा असतो. गाडी शहरात नेऊ नये. ए-१ महामार्गावरूनच थेट शिरता येणाऱ्या व्हिला कोस्तान्झा वाहनतळावर ती लावून तिथूनच ट्राम घ्यावी.