शेवाळ संपलं, आता अर्चिनला काय घालू?

प्रश्न : ताई, आमच्याकडे घोडबंदर रोडच्या घरी साडेतीन फुटी रीफ टँक (प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) आहे. दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ माजलं होतं म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून टक्सीडो अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी) आणला, त्याने महिन्याभरात सगळं साफ केलं. पण आता दगडांवरच्या जांभळ्या थरावर पांढरे ओरखडे दिसतात, झोआचे फ्रॅग (झोआ प्रवाळाचे छोटे तुकडे) पाठीवर घेऊन फिरतो, आणि परवा वाळूत त्याचे दोन-चार काटे पडलेले दिसले. मुलगी म्हणते आजारी आहे, बायको म्हणते परत देऊन टाका. आणि मालवणला जातोय, तिथल्या खडकातला एखादा काळा अर्चिन याच्या जोडीला आणला तर चालेल का?

उत्तर : परत देऊ नका हो, तो मला आजारी कमी आणि उपाशी जास्त वाटतोय. दुकानात अर्चिन विकताना सफाईवाला म्हणून विकतात आणि काम झाल्यावर तो काय खाणार हे कुणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो. त्याच्या तोंडात पाच दात असतात, ते दगडावर घासत तो चालतो, हिरवं संपलं की जांभळा कोरलाईन थर (तेही एक कडक शेवाळच) खरवडतो, तेच तुमचे पांढरे ओरखडे. पाण्यातलं कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम आणि अल्कलिनिटी (क्षारपणा) ८-९ डीकेएच या मापात धरून ठेवलीत तर तो थर परत येतो, त्याची काळजी नको.

आजपासून नोरी सुरू करा. सुशीला वापरतात ते समुद्री शेवाळाचे कागद, मात्र तेल-मीठ-मसाला न लावलेले, साधे. तळहाताच्या निम्म्याएवढा तुकडा रबरबँडने छोट्या दगडाला बांधून रात्री लाईट गेल्यावर त्याच्या शेजारी ठेवा आणि टॉर्च मारून जरा बघत बसा. काट्यांमधून दोऱ्यासारखे बारीक पाय बाहेर येतात, टोकाच्या चकत्या नोरीला चिकटतात आणि तो तुकडा हळूहळू खाली तोंडाकडे सरकवला जातो, मुलीला नक्की दाखवा. एक दिवसाआड घाला, सकाळी उरलेलं काढून टाका नाहीतर ते कुजून पाण्यात नायट्रेट चढेल.

आता काटे. दोन-चार तुटले तर परत येतात. झुपक्याने गळायला लागले, मध्ये टक्कल दिसलं, हात जवळ नेला तरी उरलेले काटे हलत नाहीत, तर मात्र लगेच पाणी तपासा, आणि आधी खारटपणा. आपल्याकडे उन्हाळ्यात टँक थंड ठेवायला पंखा लावतो, त्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, मग कुणीतरी आठवड्याने एकदम बादलीभर आरओचं बिनमिठाचं पाणी ओततं आणि खारटपणा धाडकन उतरतो. माशांचं निभावतं, अर्चिनला शरीरातलं मीठ सांभाळताच येत नाही, बाहेर जसं पाणी तसं आत. टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, रोज थोडा थोडा करा, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास स्थिर ठेवा, आणि तो मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने कॅलिब्रेट करा. माशांना पांढऱ्या ठिपक्यांसाठी तांब्याचं औषध कधी याच टँकमध्ये घातलं होतंत का? तांबं अर्चिनला मारतं.

फ्रॅग उचलणं हा त्याचा स्वभाव आहे, प्रखर उजेडात ही मंडळी अंगावर काहीतरी झाकून घेतात. सुपरग्लू जेलने फ्रॅग पक्के चिकटवा आणि त्याला दोन-चार स्वच्छ रिकामे शिंपले द्या, ते घेऊन फिरेल. पाठीवरचा फ्रॅग हळूच सोडवा पण अर्चिनला कधी हिसकून ओढू नका, पाय तुटतात.

मालवणचा नको म्हणजे नको. ते लाटांच्या माऱ्यात, खडकाच्या खाचेत राहणारे प्राणी, साडेतीन फुटी काचेत त्यांचं भागणार नाही आणि त्यांच्याबरोबर काय येईल याचा नेम नाही. प्रवाळाच्या तुकड्याला तर हातच लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ते.

बायकोला एवढंच सांगा की १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन रोगाने ९० टक्क्यांहून जास्त मेले आणि तिथल्या प्रवाळांवर शेवाळ पसरलं. तुमच्याकडेही अर्चिन गेला की ते हिरवं परत येणारच. पंधरा दिवस नोरी घालून बघा, नवे ओरखडे कमी झाले तर तो उपाशीच होता. तरीही काटे गळत राहिले तर खारटपणा, नायट्रेट आणि अल्कलिनिटीचे आकडे मला लिहून पाठवा.